चाळिशीनंतरचा पहिला बायोडेटा : अनुभवाचा रकाना आणि श्रमाची गणना

कार्यालयीन नोकरीच्या प्रत्येक अर्जात 'पूर्वानुभव' असा एक रकाना असतो. पंचविशीतील उमेदवार तो कोरा ठेवतो, तेव्हा त्याबद्दल कोणाला विशेष वाटत नाही. तोच रकाना पंचेचाळिशीतील उमेदवाराने कोरा ठेवला, तर वाचणारा थांबतो आणि मधली वीस-बावीस वर्षे कोठे गेली, असा प्रश्न त्याच्या मनात येतो. अपत्यसंगोपन, वृद्धांची शुश्रूषा, पतीची वारंवार होणारी बदली किंवा कौटुंबिक व्यवसाय यांमुळे वेतनी नोकरीपासून दूर राहिलेल्या आणि आता वैधव्य, कौटुंबिक उत्पन्नातील घट अथवा मुले मोठी झाल्याने मिळालेली सवड यांपैकी एखाद्या कारणाने प्रथमच लिपिक, लेखासहायक, स्वागतिका किंवा नोंदणी सहायक अशा कामांकडे वळणाऱ्या स्त्रियांची हीच अडचण असते. वरवर पाहता हा प्रश्न अर्जलेखनाचा आहे. परंतु रोजगारविषयक आकडेवारी, घटनेतील समान संधीची तरतूद आणि कौशल्य विकासाचे धोरण या तिन्ही विषयांचे धागे त्यात गुंतलेले असल्याने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी तो थोडा खोलात जाऊन पाहणे उपयुक्त ठरेल.

गणनेत कोण येते?

नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग दर २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्क्यांवर पोहोचला. ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातील आहे. शहरी स्त्रियांचा दर याच काळात २०.४ टक्क्यांवरून २८ टक्के एवढाच झाला. कार्यालयीन नोकऱ्या प्रामुख्याने शहरांत असतात आणि नेमक्या तेथेच पदवीधर स्त्रिया मोठ्या संख्येने श्रमशक्तीच्या बाहेर आहेत, हा विरोधाभास परीक्षार्थींनी विशेष लक्षात ठेवावा.

या सर्वेक्षणात प्रत्येक व्यक्तीला तिच्या नेहमीच्या कामानुसार एक संकेतांक दिला जातो. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीस ९२. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी सरपण-चारा गोळा करणे, शिवणकाम, विणकाम अशी कामे करणाऱ्या व्यक्तीस ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या बाहेरचे आहेत. मात्र घरच्या दुकानात किंवा शेतीत विनावेतन मदत करणाऱ्या व्यक्तीस २१ हा संकेतांक मिळतो आणि ती 'कामगार' ठरते. म्हणजे पतीच्या दुकानाचे हिशेब दहा वर्षे सांभाळणारी स्त्री व्याख्येनुसार कामगार आहे. प्रश्न असतो तो उत्तराचा. प्रगणकाने "आपण काय करता?" असे विचारल्यावर "मी घरीच असते" असे उत्तर आले, तर २१ ऐवजी ९२ लिहिले जाण्याची शक्यता बळावते. बायोडेटा लिहिताना हीच स्त्री हेच उत्तर कागदावर उतरवते आणि तिची दहा वर्षे दुसऱ्यांदा गणनेबाहेर जातात.

वेळेच्या वापराचे सर्वेक्षण या संदर्भात अधिक बोलके आहे. २०१९ मध्ये हे सर्वेक्षण प्रथमच देशव्यापी स्वरूपात झाले आणि २०२४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. विनावेतन घरगुती कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठी दररोज जाणारा सरासरी वेळ २०१९ मध्ये २९९ मिनिटे, तर २०२४ मध्ये २८९ मिनिटे होता. अशी कामे करणाऱ्या पुरुषांबाबत हे आकडे अनुक्रमे ९७ आणि ८८ मिनिटे असे आहेत. जवळजवळ पाच तासांच्या या दैनंदिन श्रमाला राष्ट्रीय उत्पन्नात स्थान नाही. कारण संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा प्रणालीत घरच्या वापरासाठी निर्माण केलेल्या वस्तू उत्पादनाच्या सीमेत धरल्या जातात, परंतु घरच्यांसाठी विनावेतन दिलेल्या सेवा वगळल्या जातात. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी स्त्रियांच्या श्रमसहभागाचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचा असल्याचे अमेरिकेच्या इतिहासावरून दाखविले. शेती मागे पडताना स्त्रियांचा सहभाग घटतो आणि सेवाक्षेत्रातील, विशेषतः कार्यालयीन नोकऱ्या वाढल्यावर तो पुन्हा वाढतो. भारतीय स्त्रीने या आलेखाच्या चढत्या बाजूला लागायचे, तर कार्यालयाच्या दारातील पहिला कागद तिला लिहिता आला पाहिजे.

दोन प्रकारचे बायोडेटा

या वयोगटातील पुष्कळ स्त्रियांच्या घरी त्यांचा एक बायोडेटा जपून ठेवलेला असतो. तो विवाहाच्या वेळचा. जन्मतारीख व जन्मवेळ, उंची, वर्ण, गोत्र, वडिलांचा हुद्दा, भावंडांची माहिती आणि शेवटी 'गृहकृत्यदक्ष' हा शेरा असा त्याचा साचा. नोकरीसाठी पहिल्यांदा लिहिताना हाताला तोच साचा सापडतो आणि वैवाहिक स्थिती, पतीचा व्यवसाय, मुलांची संख्या, धर्म व जात यांनी पहिले अर्धे पान भरून जाते. खासगी कार्यालयाला यांपैकी काहीही कळविण्याची गरज नसते. शासकीय अर्जाची गोष्ट वेगळी. तेथे विहित नमुना असतो. प्रवर्ग, जन्मदिनांक, पित्याचे वा पतीचे नाव हे रकाने भरावेच लागतात आणि नमुन्याबाहेर एक अक्षरही लिहिता येत नाही. बायोडेटा म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी हा भेद स्पष्ट असावा. शासकीय अर्जाने पात्रता सिद्ध होते, तर खासगी बायोडेटा मुलाखतीचे बोलावणे यावे एवढ्यासाठीच लिहिला जातो.

कामाचे कार्यालयीन नाव

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारी ४६ वर्षांची स्त्री. २००१ ची वाणिज्य पदवीधर. २००३ मध्ये विवाह. वेतनी नोकरी कधीही केलेली नाही. तिने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात शिक्षणाच्या दोन ओळी आणि 'अनुभव : नाही' एवढाच मजकूर असतो. प्रत्यक्षात २००८ ते २०१९ या काळात तिने घरच्या हार्डवेअरच्या दुकानाची रोजकीर्द लिहिली, उधारीची खतावणी ठेवली, महिनाअखेरीस बँकेच्या खातेउताऱ्याशी नोंदी जुळवल्या. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर खरेदी-विक्रीची बीजके वेगळी लावून विवरणपत्रांसाठीची माहिती सनदी लेखापालांकडे मुदतीत पोहोचविण्याचे कामही तिनेच केले. २०१२ पासून ती बचत गटाची सचिव आहे. २०१८ नंतर चार वर्षे गृहनिर्माण संस्थेची खजिनदार होती.

ही सर्व कामे कार्यालयीन आहेत. फक्त ती कार्यालयात झालेली नाहीत. त्यांची नोंद अशी करता येईल : "२००८ ते २०१९ – कौटुंबिक हार्डवेअर दुकान, लेखाकाम (विनावेतन). रोजकीर्द, उधारी खतावणी, बँक ताळमेळ. जुलै २०१७ पासून जीएसटी बीजकांचे वर्गीकरण व मासिक माहिती सादर करणे." यातील 'विनावेतन' हा शब्द गाळण्याचा मोह होतो, पण तो गाळू नये. वेतन नव्हते हे मुलाखतीत कळतेच, आणि ते आधी लपविलेले दिसले की उरलेल्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो. त्याचप्रमाणे दुकानात मदत केली म्हणून 'लेखा व्यवस्थापक' असे पदनाम स्वतःला बहाल करणे हास्यास्पद ठरते. पदनामाऐवजी काम लिहावे, हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

बचत गटाच्या कामाचे मोल तर सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. पुढे केरळमध्ये १९९८ मध्ये कुडुंबश्री आणि देशभर २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान सुरू झाल्यावर ही चळवळ गावोगावी पोहोचली. गटाची पंचसूत्री म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी. या पाच सूत्रांचे पालन कागदावर करते ती गटाची सचिव. ती इतिवृत्त लिहिते, बचतीची व कर्जाची नोंदवही ठेवते, बँकेत ठराव सादर करते आणि थकबाकीदार सदस्येशी कटुता न आणता बोलते. कोणत्याही पतसंस्थेच्या शाखेत लिपिकाकडून याहून फारसे वेगळे काही अपेक्षित नसते. म्हणून "बचत गटात सक्रिय सहभाग" अशी मोघम ओळ न लिहिता सदस्यसंख्या, बैठकींचा कालावधी, बँक कर्जाचे किती प्रस्ताव तयार केले आणि परतफेड पूर्ण झाली का, हे लिहावे. आकडे नोंदवहीतून घ्यावेत, कारण पडताळणी झाली तर ती नोंदवहीच साक्ष देणार असते. गृहनिर्माण संस्थेच्या कामाबाबतही हेच. देखभाल शुल्काची देयके काढणे, लेखापरीक्षकाला कागदपत्रे देणे, वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त लिहिणे ही कामे नावानिशी यावीत.

मग घरकामाचे काय? स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारपणातील सेवा यांना 'व्यवस्थापन', 'नियोजन', 'संकटनिवारण' अशी भारदस्त नावे देण्याचा सल्ला अनेक मार्गदर्शनवर्गांत दिला जातो. तो फारसा हितकारक नाही. गृहिणीचा श्रम मोलाचा आहे हे निर्विवाद. पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती ओळ पोकळ वाटते आणि तिच्या खालची खतावणीची ओळ वाचण्याआधीच त्याचे मत बनते. मधल्या काळाबद्दल एकच सरळ वाक्य पुरेसे आहे : "२००३ ते २००८ – अपत्यसंगोपन व सासऱ्यांची दीर्घ आजारातील शुश्रूषा, वेतनी नोकरी नाही." त्यात क्षमायाचना नसावी आणि कैफियतही नसावी.

रचनेबाबत दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत नोकऱ्या उलट कालक्रमाने लिहिल्या जातात. दुसरीत कौशल्यांनुसार माहिती देऊन तारखा मागे टाकल्या जातात. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना दुसरी पद्धत सोयीची म्हणून सुचविली जाते. तथापि तारखाच नसलेला कागद पाहिला की अनुभवी वाचक प्रथम तारखाच शोधू लागतो. त्यापेक्षा वर दोन ओळींत हवे असलेले काम, त्याखाली तीन-चार कौशल्ये आणि प्रत्येकासमोर ते कोठे वापरले याचा उल्लेख, त्यानंतर वर्षांसह कामाचा तपशील आणि शेवटी शिक्षण अशी मिश्र रचना अधिक चांगली. हा सर्व मजकूर एका पानात बसतो. संदर्भासाठी नातेवाईकांची नावे देऊ नयेत. ज्यांनी काम पाहिले आहे असे सनदी लेखापाल, संस्थेचे अध्यक्ष किंवा गटाचे खाते ज्या शाखेत आहे तेथील अधिकारी यांची पूर्वसंमती घेऊन नावे द्यावीत.

काही बाबी किरकोळ वाटतात, पण अडचण त्यांच्यामुळेच येते. भ्रमणध्वनी क्रमांक आणि ई-मेल पत्ता पतीचा किंवा मुलाचा दिला जातो आणि मुलाखतीचा निरोप वेळेवर पोहोचत नाही. दोन्ही स्वतःचे असावेत. महाराष्ट्रात पदवी प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे आणि आधार सासरच्या नावाचे, ही स्थिती अगदी सामान्य आहे. बायोडेटात सध्याचे नाव लिहून कंसात प्रमाणपत्रावरील नाव द्यावे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत तयार ठेवावी. आधार क्रमांक व बँक खात्याचा तपशील मात्र बायोडेटात कधीही लिहू नये. नोकरी देण्यासाठी आगाऊ शुल्क मागणाऱ्यांच्या हाती असे कागद पडल्यास फसवणूक होऊ शकते. २० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळावर नोकरी शोधणाऱ्यांची नोंदणी विनामूल्य होते, हे माहीत असणे म्हणूनच आवश्यक आहे.

जुन्या पदवीला नव्या प्रमाणपत्राची जोड मिळाली, तर वाचणाऱ्याची मुख्य शंका दूर होते. शंका असते ती संगणकाची. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू असलेला एमएस-सीआयटी, देशभर चालणारा नायलिटचा ८० तासांचा सीसीसी अभ्यासक्रम किंवा शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र यांपैकी एखादे वर्षभराच्या आत घेतलेले असावे. टंकलेखनाचा वेग आकड्यात लिहावा. महाराष्ट्र शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट असते. खासगी कार्यालयांनाही तीच मोजपट्टी समजते.

वय आणि कायदा

संविधानाच्या अनुच्छेद १६(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास या कारणांवरून शासकीय सेवेत भेदभाव करता येत नाही. या यादीत वय नाही. लिंगभेदाबाबत न्यायालयीन संरक्षण क्रमाने वाढत गेले. सी. बी. मुथम्मा प्रकरणात (१९७९) परराष्ट्र सेवेतील विवाहित स्त्रियांविरुद्धच्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने कठोर टीका केली. खासगी नोकरभरतीत स्त्रियांविरुद्ध भेदभाव करण्यास समान वेतन कायदा, १९७६ ने मनाई केली होती. ती तरतूद आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेत समाविष्ट आहे. मात्र वय किंवा नोकरीतील खंड या कारणाने अर्ज बाजूला ठेवला, तर या तरतुदींचा आधार मिळत नाही. स्त्रियांच्या बाबतीत वय आणि खंड ही दोन्ही कारणे बहुधा मातृत्वातून आलेली असतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही पोकळी किती मोठी आहे ते कळते.

शासकीय सेवेचे दार तर वयोमर्यादेमुळे लवकर बंद होते. केंद्रातील कनिष्ठ लिपिकासाठी सर्वसाधारण मर्यादा २७ वर्षे आहे. पुनर्विवाह न केलेल्या विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयीन आदेशाने विभक्त स्त्रियांना 'क' गटातील पदांसाठी ३५ वर्षांपर्यंत, तर अनुसूचित जाती-जमातींतील अशा स्त्रियांना ४० वर्षांपर्यंत सवलत आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये खुल्या प्रवर्गाची कमाल मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ केली. म्हणून वरील उदाहरणातील ४६ वर्षांच्या स्त्रीपुढे पतसंस्था, शाळा, रुग्णालये, लेखापालांची कार्यालये आणि स्वयंसेवी संस्था एवढेच क्षेत्र शिल्लक राहते.

राज्यसंस्थेने केलेली समतुल्यता

अनुभवाचे नागरी पात्रतेत रूपांतर शासनाला अशक्य आहे असे नाही. माजी सैनिकांच्या बाबतीत ते झालेले आहे. किमान १५ वर्षांची सेवा झालेला मॅट्रिक उत्तीर्ण माजी सैनिक, पदवीची अट असलेल्या 'क' गटातील राखीव पदांसाठी पात्र धरला जातो. वयाच्या गणनेत त्याची सेवेची वर्षे वजा करून आणखी तीन वर्षांची सूट मिळते. चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा बायोडेटा लिहिणारा हा दुसरा मोठा वर्ग आहे आणि त्याच्या अनुभवाला नियमाने भाषा मिळवून दिली आहे. केंद्रीय सेवेतील स्त्रियांना २००८ पासून मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा हेही याच दृष्टीचे उदाहरण होय. तेथे संगोपनाच्या काळात नोकरी शाबूत राहते. सेवेबाहेरील स्त्रीचा तोच काळ 'खंड' म्हणून नोंदला जातो.

खंडानंतर परतणाऱ्यांसाठी थेट योजना थोड्या आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ पासून महिला वैज्ञानिक योजना राबविली. तिच्या एका घटकात बौद्धिक संपदा हक्कांचे प्रशिक्षण देऊन विज्ञान पदवीधर स्त्रियांना पेटंटविषयक कामासाठी तयार केले गेले. प्रयोगशाळेत परतणे अवघड असलेल्यांना कार्यालयातून विज्ञानाशी जोडणारा हा मार्ग कल्पक होता. टाटा समूहाने २००८ मध्ये 'सेकंड करिअर' नावाचा अंतर्वासिता कार्यक्रम सुरू केला. दोन्हींचा लाभ उच्चशिक्षितांपुरता राहिला.

व्यापक उपाय म्हणून पूर्वज्ञानाच्या मान्यतेकडे पाहावे लागते. २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने औपचारिक शिक्षणाबाहेर मिळवलेल्या कौशल्यांच्या प्रमाणीकरणाला मार्ग खुला केला आणि २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत त्याला स्वतंत्र घटकाचे स्थान मिळाले. हे प्रमाणीकरण ठरावीक व्यवसाय-भूमिकांशी बांधलेले असते. गवंडी, शिवणकामगार, सौंदर्यसेविका यांचे कौशल्य प्रात्यक्षिकाने तपासता येते. बारा वर्षे गटाचे इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवेची परीक्षा कोणत्या भूमिकेत घ्यायची, हे मात्र ठरवावे लागेल. बचत गटांचे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ यांच्याकडे प्रत्येक गटाच्या नोंदवह्यांची तपासणी होतच असते. त्याच तपासणीच्या आधारे कामाचा कालावधी, हाताळलेली रक्कम आणि नोंदींचा दर्जा नमूद करणारे अनुभव प्रमाणपत्र प्रभागसंघाने द्यावे आणि पतसंस्था व सहकारी बँकांनी लिपिक भरतीत ते ग्राह्य धरावे, एवढी व्यवस्था नवा कायदा न करताही होऊ शकते. तोपर्यंत सचिवपदाच्या ठरावाची प्रत आणि बँकेने गटाला दिलेल्या कर्जमंजुरीची पत्रे बायोडेटासोबतच्या फाइलमध्ये लावून ठेवणे, हाच उमेदवाराच्या हाती असलेला पुरावा आहे.